चार बोटं बुटका ओटा

"सुट्टी घेऊन हैदराबादला विटा उचलायला कोण जातं?" घरी सगळ्यांनी विचारलं. मी गेले! माझी मावसबहीण शैला अंबरपेठेत बारा वर्षं भाड्यानं राहते. आता शहराबाहेर तिचं स्वतःचं घर होत होतं आणि स्वयंसेवक हवे होते.

सोलापूरहून सकाळची बस घ्या, जहीराबादनंतर रस्ता झकास आहे. हैदराबादेत गौलीगुड्याजवळ उतरले, चाळीस रुपयांत गरम इडली खाल्ली आणि शैलाबरोबर थेट कामावर.

नऊ कुटुंबं, नऊ बैठी घरं. मजुरी बहुतेक आपलीच, त्यामुळे कर्जाचा हप्ता भाड्याइतकाच. कोणतं घर कुणाचं, हे शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरायचं, म्हणून प्रत्येक भिंत सगळेच आपली समजून बांधतात. कुणी एखादं घर आपल्या सोयीनं बांधलं, तर त्याची चिठ्ठीच बाद!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चार नंबरच्या घरात रंग देत होते. यादगिरी मिस्त्रींनी स्वयंपाकघराचा ओटा मापला.

"चार उंगल नीचा है! किसका काम जी?"

बुटकी शैला खाली वाकून घमेलं भरू लागली. परतताना बसमध्ये मात्र म्हणाली, "ताई, ओट्याच्या मापाची दोरी मीच धरली होती. वाटलं, हेच घर मिळालं तर..."

"आणि चिठ्ठी बाद झाली तर?"

रविवारी चिठ्ठ्यांचा डबा आला आणि शैला उभी राहिली. सगळं सांगून टाकलं.

उंचनिंच सत्तेम्मा, तिची होणारी शेजारीण, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेरेकू वो घर मिलता तो कमर टूटती थी ना! पर इसने हर घर की नींव में बहुत पत्थर ढोए. इसकी चिठ्ठी बाद नको करो."

मिस्त्रींनी थापी शैलाच्या हातात दिली. "पहले ओटा उठाओ. फिर चिठ्ठी."

काळा कडप्पा आठ जणांनी उचलला. शैलानं विटांचा एक थर चढवला, मी पाणी मारलं. मग मातीच्या हातांनीच चिठ्ठ्या निघाल्या. शैलाला आला चार नंबर!

सत्तेम्मा हसून हसून खालीच बसली. शैला रडत होती की हसत होती, तिलाच कळत नव्हतं.

घरी येऊन तीन आठवडे झाले. माझे खांदे आता बरे आहेत. आमच्या इमारतीत मी नऊ वर्षं आहे, पण समोरच्या दारावर पहिल्यांदा थाप मारली ती या प्रवासानंतर.

काल शैलाचा फोन आला, पाटावर उभी राहून पोळ्या लाटत होती.

"आता घर तुझंच आहे, ओटा खाली करून घे की," मी म्हटलं.

"नको गं ताई. आठ जणांनी उचललाय तो."