टेकडीपुऱ्याचे नळ

मेश्राम गुरुजी कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघत, मग भिंतींकडे आणि माणसांकडे सगळ्यांत शेवटी. "टिन, माती, माणसं सहा," असं पुटपुटून झालं की मगच खाटेवर टेकत. घाटंजीत जनगणनेचं काम मिळाल्यापासूनची ही सवय.

कापसाला भाव नसलेली ती वर्षं. आमच्या दोन खोल्या. एकीत कापूस, दुसरीत आम्ही सहा जण. "ही माहिती गुप्त असते बरं," असं बजावून गुरुजी ती अख्ख्या गावाला सांगत. आमचा टेकडीपुरा आणि नाल्यापलीकडचा बाजारपुरा यांची त्यांनी कुस्तीच लावून दिली होती. "सायकलीत ते पुढं हायेत. पोरी शिकवण्यात आपण!"

आमच्याकडे नळाचा रकाना आला. आई रोज लांबच्या विहिरीवरून पाणी आणायची. तरी तिनं विचारलं, "बाजारपुऱ्यानं काय सांगतलं?"

"गुप्त हाय, वहिनी. पण तिकडच्या मास्तराजवळ घरोघरी नळ सांगतले त्यायनं."

"मंग आमचाबी लिवा!"

"कुठी हाय?"

"येऊनच राह्यला समजा. आपण काहून कमी पडाचं?"

गुरुजींनाही पुऱ्याची इज्जत प्यारी होतीच. लिहिला. पुढच्या सगळ्या घरांनी तोच हट्ट धरला आणि संध्याकाळपर्यंत टेकडीपुरा नळांनी भरून गेला.

पुढे नळयोजना आली, तेव्हा साहेबानं कागद उलटून सांगितलं, "तुमच्याकडे तर घरोघरी नळ आहेत." बायांनी गुरुजींना असं काही धरलं की बोलायची सोय नाही. "चला, बाजारपुऱ्यातून पाणी आणू," म्हणून गुरुजी घागरीवाल्या बाया घेऊन निघाले. नाल्यावरच बाजारपुऱ्याच्या बाया भेटल्या, रिकाम्या घागरी घेऊन.

"तुमच्याकडं नळ हायेत म्हणे?" त्यांनीच विचारलं.

गुरुजी मटकन खाली बसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दुसऱ्या दिवसापासून ते सायकलला दोन घागरी बांधून रोज एका घरी पाणी पोचवू लागले, तेही घरक्रमांकानुसार. आमची पाळी आली की अंगणातून ओरडत, "वहिनी, नळ आला!" आई आधी फणकारायची, मग चहा टाकायची. म्हातारपणीही 'आता पुरे' म्हणणाऱ्या कुणाचं त्यांनी ऐकलं नाही.

पुढच्या जनगणनेला नवीन मास्तरीणबाई आल्या. नळ तोवर आलाच नव्हता.

"घरात नळ आहे का?"

आईनं पदर डोळ्यांना लावला. "होता एक. सायकलवर यायचा. मागच्या साली गेला, बाई. आता लिवा, नळ नाई."