एकाच खिडकीच्या उजेडात

पंजाब पेटला होता त्या वर्षांत मी चंदीगडला शिकवत होते असं सांगितलं की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. त्यांना बंदुकांबद्दल ऐकायचं असतं. माझ्याकडे आहेत कांद्याचे पापुद्रे, गालाच्या आतल्या पेशी आणि एका शाळेची बायोलॉजी लॅब. त्या लॅबमध्ये किस्से कधी जमत गेले ते कळलंच नाही. कपाटाच्या काचेवर धूळ बसते तसे बसत गेले, आणि पुसायला जावं तर बोटाला लागतात.

बाबा तिथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर होते. माझं लहानपण चंदीगडचं, पण शिक्षण लांबलांबचं. आधी निलगिरीतलं बोर्डिंग, मग पुणं. एम.एस्सी. करून मी परत आले तेव्हा ज्याला जमेल तो पंजाबातून बाहेर पडत होता. आई म्हणाली, "सगळं जग एका दिशेला चाललंय आणि आमची लेक दुसऱ्या."

मला पर्वा नव्हती. अकरावी-बारावीचा वर्ग मिळाला आणि पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं: जे दिसेल तेच काढा. एवढी एक सवय पोरांना लागली तर देश सुधारेल, असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं.

*

पहिलं प्रॅक्टिकल कांद्याच्या पापुद्र्याचं. अर्ध्या तासात सगळ्यांची चित्रं तयार. एकेक पेशी विटेसारखी कोरीव, प्रत्येकीत केंद्रक बरोबर एकाच जागी. मी खूश होऊन सनीच्या टेबलापाशी गेले. सनी म्हणजे वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा, सेक्टर बावीसमध्ये वडिलांचं कापडाचं दुकान. त्याच्या मायक्रोस्कोपवर स्लाइडच नव्हती.

"सनी, बघून काढलंस?"

"नहीं मॅम, गाइड से."

"का?"

"देख के बनाओ तो बिगड़ जाता है."

*

मग सक्ती केली. चित्र काढताना पुस्तक बंद, एक डोळा नळीला. दोन दिवसांनी सनीच ओरडत मागे सरकला. "मॅम, अंदर से कोई देख रहा है."

त्या दिवसांत अशा वाक्यावर कोणी पटकन हसत नसे. मी सांगितलं, वरच्या भिंगात कधीकधी आपलाच डोळा दिसतो, पापण्यांसकट. घाबरण्यासारखं काही नाही.

सनीने पुन्हा डोळा लावला, पुन्हा उचलला.

"मॅम, मैंने आँख बंद करके खोली. उसने नहीं की."

स्वतःचा मिटलेला डोळा स्वतःला कसा दिसेल, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावलं. सगळे हसले, सनीही हसला. पण वर्षभर त्याने तो मायक्रोस्कोप काही पुन्हा घेतला नाही.

*

एका बाजारात स्फोट झाला त्या आठवड्यात प्रिन्सिपल मॅडमनी शाळेच्या सगळ्या खिडक्यांना खाकी कागद चिकटवायला सांगितला. काचा फुटल्या तर तुकडे मुलांवर उडू नयेत म्हणून. वर्गांना चाललं असतं. पण आमच्या मायक्रोस्कोपना दिवे नव्हते. खाली एक छोटा गोल आरसा, तो खिडकीकडे वळवायचा, उजेड पकडायचा आणि नळीत वर पाठवायचा. कागद लागला आणि सगळ्या नळ्यांत अंधार झाला.

मी ऑफिसात जाऊन भांडले. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला मुलं काय बघणार?

"किताब से करवा लो, जी. सब वही करवाते हैं."

"मॅडम, मग ती चित्रकला झाली."

कडक बाई, पण वाईट नव्हत्या. "तुम्हें खिड़की चाहिए, मुझे बच्चे चाहिए," त्या म्हणाल्या. शेवटी कोपऱ्यातली एक खिडकी मिळाली. अट अशी की तिच्यापाशी एका वेळी एकच मूल बसेल. बाकीच्यांनी भिंतीकडे.

आमचं विज्ञान तेव्हापासून रांगेत उभं राहिलं.

*

त्याच रांगेत एक दिवस मनजोत आली. तरनतारनकडच्या गावातून, वर्ष अर्धं उलटल्यावर. मोठा भाऊ, ज्याला ती 'वीर जी' म्हणायची, एका सकाळी कॉलेजला म्हणून घरातून निघाला तो परतलाच नव्हता. कोणी नेला, कुठे नेला, आईवडिलांना कोणी सांगेना. मग त्यांनी हिला चंदीगडला मासीकडे पाठवलं. मासीने मला स्पष्ट सांगितलं, "मेडिकल में नंबर आ गया तो यहीं रहेगी. नहीं तो इसे वापस गाँव भेजना पड़ेगा." गाव म्हटल्यावर मनजोत खिडकीबाहेर बघायला लागली.

ती कमी बोलायची आणि भयंकर प्रामाणिक चित्र काढायची. फाटलेली पेशी फाटलेली. हवेचा बुडबुडा त्याच्या जाड काळ्या काठासकट. भिंगावरचा ओरखडासुद्धा. मी तिचं चित्र वर्गाला दाखवलं आणि म्हटलं, असं हवं.

स्टाफरूममध्ये भाटिया सरांनी मला गाठलं. केमिस्ट्रीचे, निवृत्तीला आलेले. "मॅडम जी, परीक्षक को साफ डायग्राम चाहिए. आप इस बच्ची को डुबो दोगे."

"सर, जे दिसतं ते काढण्यात चूक काय?"

"यहाँ तो अखबार वाले नहीं छापते जो दिखता है," ते चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "आप प्याज से शुरू कर रही हो."

*

एका मायक्रोस्कोपचा स्क्रू घसरला. सेक्टर तीसमध्ये कुलकर्णी काका राहायचे, सांगलीचे, उपकरणांचे इंजिनिअर. त्यांच्याकडून दुरुस्त करून मी लाकडी पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने निघाले. नाक्यावर थांबवलं. पेटी, आत लोखंडी नळी. दोन बंदुका माझ्याकडे वळल्या. मी शक्य तितक्या हळू आवाजात 'माइक्रोस्कोप' हा शब्द उच्चारला.

त्यांच्यातला वयस्क हवालदार जवळ आला. त्याला बघायचं होतं. मी रिक्षाच्या सीटवर मायक्रोस्कोप मांडला, पेटीतली कोरी स्लाइड काढली. काय दाखवू? त्याने स्वतःच्या बाहीवरचा एक सुकलेला तपकिरी डाग नखाने खरवडला आणि काचेवर टाकला.

"इसमें पता चलेगा, ये मेरा है या किसी और का?"

मी म्हटलं, "नाही. नहीं चलेगा."

त्याने तरीही डोळा लावला. बऱ्याच वेळाने सरळ झाला, बाही खाली ओढली.

"फिर इतना बड़ा करके क्या फायदा," तो म्हणाला आणि हात करून मला जायला सांगितलं.

*

कर्फ्यू लागला, शाळा बंद झाली. उघडली तेव्हा मला आठवलं की लॅबमध्ये गवत घातलेल्या पाण्याची बरणी तशीच राहिलीय. वास सुटला होता. पण एक थेंब काचेवर घेऊन बघितला आणि मी सगळ्यांना हाका मारल्या. पॅरामिशियम! शेकड्यांनी. ढकलाढकली, वळसे, टकरा. बाहेर रस्त्यावर अजून चार माणसं एकत्र दिसत नव्हती.

सनी बराच वेळ बघत राहिला. मग गंभीरपणे म्हणाला, "मॅम, इनको किसी ने बताया नहीं."

मनजोतचा नंबर आला. तिने बघितलं आणि मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. नंतर तिने हळूच विचारलं, "मॅम, जो इतना छोटा है कि हमें दिखता नहीं, वो होता तो है ना?"

"असतं म्हणजे काय, असतंच," मी उत्साहाने म्हणाले. "आपल्याला दिसत नाही म्हणून ते नाहीसं होत नाही." आणि त्यावर मी तिला दहा मिनिटं भाषण दिलं. ती शब्दन् शब्द ऐकत होती.

*

बारावीची प्रॅक्टिकल. परीक्षक लुधियान्याकडून आले होते. पांढऱ्या दाढीचे सरदारजी, दमलेले. वाटेत प्रत्येक नाक्यावर बस रिकामी करून तपासली होती. शाळेचं फाटक बंद, मैदान मोकळं, फाटकाबाहेर पहाऱ्याचा जवान. बायोलॉजीची मुलं मोजकीच. एकेकाने खिडकीपाशी यायचं, कांद्याचा पापुद्रा लावायचा, चित्र काढायचं, उठायचं. मदतीला भाटिया सर.

मनजोत बसली. पापुद्रा सुरेख लावला, बुडबुडा नाही, सुरकुती नाही. मग तिने डोळा लावला तो उचलेचना. परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं. तिने पेन्सिल घेतली, चित्र काढलं आणि कागद पुढे सरकवला.

पेशी स्वच्छ होत्या. भित्तिका, केंद्रकं, सगळं जागच्या जागी. आणि मधल्या एका पेशीत एक माणूस उभा होता. पगडी, खांद्यावर लोकरीची लोई शालीसारखी पांघरलेली, दोन्ही हात खाली सोडलेले. केंद्रकापेक्षा थोडा मोठा.

भाटिया सरांनी डोळे मिटून घेतले.

"ये क्या है?" परीक्षक म्हणाले.

"सर, दिख रहा है."

"प्याज में बंदा?"

"जी."

मी मध्ये पडले. आरसा जरा खालीवर झाला तर बाहेरचं दृश्य त्यात उतरतं, सर. खिडकीची जाळी, झाड, काहीही. बाहेर कोणीतरी उभं असणार. मुलीने दिसलं तेच काढलंय, तिचे मार्क कापू नका.

"तो देखो, कौन है," ते म्हणाले.

मी खिडकीतून वाकून बघितलं. मैदानात कोणी नव्हतं. झाडसुद्धा नव्हतं. फाटक बंद होतं आणि पलीकडे जवानाची पाठ.

परीक्षकांनी चष्मा काढून डोळा नळीला लावला. त्यांचा हात स्क्रूवर होता, अगदी हळू फिरत होता. मग थांबला. ते उठले, स्वतः खिडकीशी गेले, बाहेर बघितलं, परत आले आणि पुन्हा डोळा लावला. या वेळी जास्त वेळ.

मला मासीचा चेहरा दिसत होता आणि गावाकडे जाणारी बस. भाटिया सर माझ्याकडे बघत नव्हते.

"डायग्राम ठीक है," परीक्षक शेवटी म्हणाले. "लेबलिंग अधूरी है. जो दिखाया है, उसका नाम लिखना पड़ता है, बेटा."

मनजोतने पट्टी ठेवली. त्या माणसापासून उजवीकडे सरळ रेघ ओढली आणि टोकाला नीट अक्षरात लिहिलं: वीर जी.

त्यांनी पूर्ण मार्क दिले, खाली सही केली आणि म्हणाले, "अगला."

ती हात धुवायला गेली. पुढच्या मुलासाठी जागा रिकामी करायची म्हणून मी स्लाइड काढायला वाकले, आणि काढण्याआधी डोळा लावला.

तो तिथेच उभा होता. तिच्या चित्रात त्याचे दोन्ही हात खाली होते. आता एक वर होता.