वरच्या खाचरातलं लिनक्स

आमच्या मुलींच्या शाळेला पाच संगणक मिळाले तेव्हा त्यांच्या पोटात काहीच नव्हतं. एका कंपनीने आपली जुनी यंत्रं बदलली आणि टेम्पोत घालून आमच्याकडे पाठवून दिली. देण्याआधी त्यांनी आतलं सगळं पुसून काढलं. ते त्यांचं बरोबरच होतं, पण त्याच्याबरोबर विंडोजही गेलं. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटायच्या आणि पुढे काही नाही. मुली खिडकीच्या गजांना धरून बघत उभ्या राहायच्या. त्यांना तेवढंही पुरत होतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. शाळा मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे. मी तिथे विज्ञान शिकवायचे, मुरबाडला खोली घेऊन राहायचे आणि सकाळच्या एसटीने यायचे. माझं घर डोळखांबकडचं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. हे मी आजही सांगते आणि मान वर करून सांगते. त्यामुळे यंत्रं आली तशी सगळी शाळा माझ्याकडे बघायला लागली. शहापूरला एका क्लासात थोडंफार शिकले होते, तेवढंच माझं भांडवल. पण मी कुणाला नाही म्हटलं नाही.

सोपा रस्ता समोर होता. तालुक्याच्या गावात कुणीही विंडोजची नक्कल केलेली सीडी घालून दिली असती. बाजारातले निम्मे संगणक तसेच चालायचे. आमच्या मुख्याध्यापकांना मी तसं सुचवलं. सर बोलायला कोरडे, पण सरळ. ते म्हणाले, "बाई, मी पोरांना रोज फळ्यावर सुविचार लिहायला लावतो. आणि खोलीत चोरीचा माल ठेवू? नाय चालायचं." विकत घ्यायची ऐपत शाळेची नव्हती. म्हणजे विषय संपला. मला तेव्हा राग आला होता, पण मनात कुठेतरी या माणसाचं कौतुकही वाटलं होतं.

सरांची आणखी एक अडचण होती. खिचडीच्या तांदळाची पोती व्हरांड्यात भिजायची. सरांचं इवलंसं हाफिस सोडलं तर शाळेत पत्रा न गळणारी खोली एकच, आणि नेमक्या तिच्यातच हे संगणक मांडले होते. सरांनी मला स्पष्ट सांगून टाकलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा त्या खोलीत एक तर मुली बसलेल्या दिसतील, नाहीतर पोती. तांदूळ भिजला तर पोरं उपाशी राहतात, संगणक बंद राहिला तर कुणी उपाशी राहत नाही, असंही म्हणाले. 

मग मला आठवला शहापूरच्या कॉलेजातला माझा वर्गमित्र. तो खर्डीचा, बौद्ध वस्तीतला. कल्याणच्या एका कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला होता. त्याच्याही घरात शिकलेला तोच पहिला. म्हणून आमचं जमायचं, आणि म्हणूनच भांडणही व्हायचं, कारण दोघांनाही वाटायचं की आपल्याला जास्त कळतं. रविवारी शहापूरच्या एसटी स्टँडसमोर चहाला भेटलो. जयभीम-नमस्कार झाला आणि मी माझं रडगाणं सुरू केलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक रबर लावलेला सीड्यांचा जाडजूड गठ्ठा, आणि एक कागदी पाकिटातली एकटी सीडी.

म्हणाला, "लिनक्स ऐकलंयस ना? ते म्हणजे भात समज. आणि या त्याच्या जाती. सगळ्यांत दाणा भाताचाच, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आता सांग गो, तुला गरवं देऊ की हळवं?"

आमच्याकडच्या माणसाला यापुढे काही समजावून द्यावं लागत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हळवं भात लवकर तयार होतं, दसऱ्याच्या आसपास कापायला येतं, दाणा जरा कमी देतं. गरवं उशिरा येतं, दिवाळीनंतर. पण पीक भरघोस, पेंढा लांब. गठ्ठा म्हणजे गरवं. त्यात लिहायचं, चित्रं काढायचं, हिशेबाचं, गाण्यांचं, खेळांचं, सगळं काही होतं. एकटी सीडी म्हणजे हळवं. त्यात मोजकंच, पण यंत्रावर न बसवताही सीडीवरूनच सुरू होणारं.

आमचं शेत नदीकाठचं. दिवाळीपर्यंत पाणी हटत नाही असं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गरवंच लावतात. माळावरच्या लोकांना आमच्या घरात हसत म्हणायचे, बिचारे हळवं खातात. मी त्याच घरातली. शाळेला द्यायचं, मुलींना द्यायचं, तर कमीतलं कशाला द्यायचं? मी गठ्ठा उचलला.

तो हसला. "शाळा वरच्या अंगाला हाय की खालच्या?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी म्हटलं, शाळेला कसलं अंग? तो अडून बसला नाही. एकटी सीडीही त्याने माझ्या पिशवीत सारली आणि म्हणाला की बियाणं घरात असलेलं बरं. किती द्यायचे असं मी विचारल्यावर मात्र त्याला खरंच वाईट वाटलं. बियाण्याचे पैसे कुणी शेजाऱ्याकडून घेतं का? आणि मग त्याने मला जे सांगितलं त्यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. जगभरातली माणसं हे मिळून लिहितात, आणि त्याच्या परवान्यातच लिहिलेलं असतं की नक्कल करा, वाटा, आत काय आहे ते उघडून बघा, हवं तर बदला. मी ते सोमवारी सरांना मराठीत सांगितलं. सरांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. म्हणाले, "म्हणजे चोरीच नाय. मागायच्या आधीच दिलेलं."  पोती मात्र विसरले नाहीत.

त्यानंतर माझे वाईट दिवस सुरू झाले. तेव्हा आमच्याकडे वीज म्हणजे पाहुणी. भारनियमनाच्या वेळा ठरलेल्या होत्या, आणि त्या वेळाही पाळल्या जातीलच असं नाही. सकाळी प्रार्थनेच्या सुमारास लाइट यायची आणि मधल्या सुट्टीआधी जायची. मग एकदम सगळं आवरून घरी निघायच्या वेळेला. गठ्ठ्यातली पहिली सीडी घातली की निळी पट्टी मुंगीच्या चालीने सरकायची. दुसरी मागायची, तिसरी मागायची, आणि चौथीच्या आसपास पंखा घरघर थांबवून गप्प व्हायचा. लाइट गेली. पुन्हा आली की सगळं पहिल्यापासून, अर्धवट बसलेलं त्याला चालत नसे. एक यंत्र मी मुरबाडच्या खोलीवर आणलं, एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, टीव्ही बिघडला का बाई? तिथेही तेच. गाव मोठं, पण अंधार तोच.

एकदाच लाइट टिकली आणि त्या एका यंत्रावर ते बसलं. मला आकाश ठेंगणं झालं. यंत्र शाळेत परत नेलं, मुलींना समोर बसवलं. पण आमच्या जुन्या यंत्राला ते भारी होतं. पडद्यावर चित्र येतंय, येतंय, मुली आपल्या बघतायत, आणि ते पुरतं यायच्या आत लाइट गेली. एक मुलगी मागून म्हणाली, "बाई, हे निसवायच्या आतच करपतं." लोंबी बाहेर पडायच्या आत जळणाऱ्या भातासारखं, असं तिला म्हणायचं होतं. सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

शिक्षकांच्या खोलीत सर रोज विचारायचे, "काय बाई, तुमचं पेंग्विन अजून अंड्यातच का?" लिनक्सच्या पाकिटावर पेंग्विनचं चित्र होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. मी म्हणायचे, उबवतेय सर. ते म्हणायचे, उबवा, पण पोती यायच्या आत.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी एसटीच्या खिडकीशी बसून शाळेत चालले होते. टोकावड्यानंतर रस्ता चढायला लागतो. डाव्या हाताला डोंगराच्या उतारावर एकावर एक खाचरं. वरच्या खाचरांतलं भात कापून झालेलं, भारे बांधलेले, काही ठिकाणी झोडणीही सुरू. खाली ओढ्याच्या कडेला मात्र अजून हिरवं उभं. रोज बघत होते हे. त्या दिवशी नीट बघितलं. वर पाणी ठरत नाही म्हणून वरची माणसं हळवं लावतात. पाणी निघून जायच्या आत त्यांचा दाणा घरात. त्यांनी हौसेने गरवं लावलं असतं तर नुसता पेंढा कापला असता. त्यांचं ते कमीपण नव्हतं. आपली जमीन ओळखणं होतं.

आमची शाळा वरच्या अंगाला होती. पाण्याच्या जागी लाइट, एवढाच फरक. माझ्या मित्राने पहिल्याच दिवशी तेच विचारलं होतं, आणि नदीकाठच्या गरव्याच्या ऐटीत मी ते चेष्टेवारी नेलं होतं.

त्या दिवशी प्रार्थना संपायची वाटही न बघता मी एकटी सीडी घातली. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात पडदा उजळला. स्वच्छ, साधा, कोपऱ्यात चार चित्रं. लिहायची जागा, चित्र काढायची जागा, एक हिशेबाचं, एक खेळ. मी शिपाईमामांना हाक मारली, दुसरं कुणी जवळ नव्हतं म्हणून. ते बघून म्हणाले, "आलं काय?" मी म्हटलं, आलं. मग ते यंत्रावर बसवून टाकलं, आणि तेही लाइट जायच्या आत झालं. मुंबईहून वा परदेशातून, कुठून कुणी लिहिलं होतं ते, मला माहीत नाही. पण जुन्या यंत्राची, तोकड्या विजेची कुणीतरी काळजी केली होती. आपल्यासारख्यांचा विचार करणारं जगात कुणी आहे, याचं मला त्या दिवशी फार अप्रूप वाटलं. सुट्टीत मित्र आला आणि राहिलेली यंत्रं आम्ही दोघांनी मिळून लावली. गरव्याचं काय झालं, असं त्याने एकदाही विचारलं नाही. भांडकुदळ माणूस, पण जिंकल्यावर गप्प बसायचं त्याला कळत होतं.

शाळा उघडली त्या दिवशी तांदळाचा टेम्पोही आला. सर पोत्यांपाशी उभे, मी खोलीच्या दारात. आत मुली बसलेल्या, एका यंत्राला तिघी-तिघी. कुणी झोपडी काढत होतं, कुणी इंग्रजीत आपलं नाव. सर आत येणार इतक्यात लाइट गेली. पाचही पडदे काळे झाले.  सर दारातच थांबले. मुली मात्र जागच्या हलल्या नाहीत. शेतात पाण्याच्या पाळीची वाट बघतात तशा हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्या दिवशी नशिबाने लाइट लगेच परत आली. सर बाहेरची पोती मोजून परत येतात तोवर पडदे पुन्हा उजळले होते आणि एक मुलगी पुसली गेलेली झोपडी नव्याने काढत होती.

सर एकेका यंत्रापाशी जाऊन बघून आले. मग बाहेर जाऊन त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं की पोती हाफिसात टाक, माझ्या खुर्चीमागे.

पुढे कितीतरी दिवस आमचे मुख्याध्यापक तांदळाच्या पोत्यांना पाठ टेकून मस्टरवर सह्या करत होते. उंदरांवरून शिक्षकांनी त्यांना खूप चिडवलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. त्यांच्या त्या खुर्चीसमोर एकदा घाटाकडच्या एका शाळेतले शिक्षक येऊन बसले. त्यांनाही कुणी जुने संगणक दिले होते. आमच्याकडे फुकट मिळतं असं ऐकून आले होते. मी दोन्ही बियाणी घेऊन गेले. त्यांनी मला विचारलं, यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?

मी तोंड उघडायच्या आत सर पोत्यावरून पाठ उचलून पुढे वाकले. म्हणाले, "ते नंतर. आधी सांगा, तुमच्याकडं लाइट किती वेळ ठरते?"