बोडीतल्या माशांचं माहेरपण

माणूस असो की मासा, कुणी वाळलेलं आमच्या सासूबाईंना पाहवत नसे. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. चिमूरकडच्या आमच्या गावी धानाच्या बांध्यांना लागून आमची बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. तिच्यात सासऱ्यांनी हौसेनं रोहूची पिल्लं सोडली होती. पण मासे कसे, तर डोकं मोठं, अंग काडी, आणि कातडीवर पांढरट डाग.

एरवी चाललं असतं. पण माझ्या नणंदेचं लग्न वैनगंगाकाठच्या एका घरी ठरत आलं होतं, आणि पोरगा तिला मनापासून आवडला होता. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तेव्हा ते लोक जेवायला येणार, मग होकार देणार. आमच्या सासऱ्यांनी काय करावं? "आमच्या बोडीचा मासा खाऊन पाहा, नदीचा विसरून जासान," असं सांगून बसले. तेही नदीवर मासे धरण्यात जन्म काढलेल्या ढिवरांना. मला असा राग आला म्हणता. नणंद तर रडायलाच लागली.

"बा, ह्या काड्या वाढल्या तं ते हसतीन आन् उठून जातीन."

सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीले देतो तेच देऊ मासोळ्यायले."

मग काय, धानाचा कोंडा, त्यात जवसाचं तेल, आणि मुठीएवढे गोळे. रोज सकाळी काठावर उभं राहून "या गं बायांनो" म्हणत त्या गोळे टाकायच्या. मी तोंडाला पदर लावून हसायची. पण दसऱ्यापर्यंत डाग गेले, पाठी भरल्या, खवले चमकायला लागले. आधी नुसत्या कोंड्यावर जिवाला ओशट असं काही मिळतच नव्हतं बिचाऱ्यांना.

तिथं थांबल्या तर त्या आमच्या सासूबाई कसल्या. कोंडा घटत गेला, तेल वाढत गेलं. मंडई तोंडावर आली आणि मासे सुस्तावले. पाण्यावर तेलाचा तवंग, मासे वर येऊन तोंडं उघडतात, हात लावला तरी पळत नाहीत. सासऱ्यांनी एक चिरून पाहिला. पोटात पिवळ्या चरबीचा गोळा, काळीज फिकं आणि सुजलेलं.

"आता एक दाना टाकायचा नाई," ते म्हणाले.

"माहेरी आलेल्या पोरीले उपाशी ठेवता?"

"पोरगी मरून राह्यली तुया मायेनं."

नणंद दिवसातून दहादा बोडीवर जाऊन पाहून यायची. माझ्या नवऱ्यानं तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, दोर पाण्यावरून ओढून तवंग काठाला आणला, सासऱ्यांनी वरच्या तलावाचं ताजं पाणी सोडलं. उपासानं मासे हळूहळू ताळ्यावर आले. मंडईच्या सकाळी जाळं टाकलं, तर असे उसळले की नवरा चिखलात उताणा. नणंद पोट धरून हसली. किती दिवसांनी हसली ती.

तव्यावर तुकडे टाकले, तर वरून तेल घालावंच लागलं नाही. आपल्याच चरबीत तळून निघाले. पोराची आई बोटं चाटत म्हणाली, "काय चारता जी ह्यायले?"

"विचारू नोका," सासरे म्हणाले. सासूबाई खाली मान घालून वाढत राहिल्या. हात धुता धुताच होकार मिळाला.

पाठवणीच्या वेळी तीच विहीण सासूबाईंना म्हणाली, "काळजी नोका करू बाई. तुमच्या पोरीचे लय लाड करू."

सासूबाईंनी डोळे पुसले. "लय नोका करू," त्या म्हणाल्या. "थोडे करा, पन रोज करा."