मारव्यातली बंदिश कोणाची?

दत्ता परब गेल्याचा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला, तेव्हा मी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसत होतो. त्याला दीड महिना झाला. तेव्हापासून एकही कॅसेट माझ्याच्याने धड शेवटपर्यंत ऐकवली नाही...

दत्ता माहुलच्या रिफायनरीत फिटर. घाटकोपरच्या त्याच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण जमायचो. तो गायचा, मी रेकॉर्डिंग करायचो. गळा बेताचाच, पण बंदिशी काय सुरेख बांधायचा! अमुक माझी, असं आपणहून कधी सांगायचा नाही. मारवा रागातली त्याची, हे मला ठाऊक होतं, कारण अंतरा जमेना म्हणून महिनाभर त्याने माझं डोकं खाल्लं होतं. कॅसेटच्या कार्डावर मी राग, ताल, तारीख नीटनेटकी लिहायचो. रचना कोणाची, ते लिहायची आमच्यात कोणाला सवयच नव्हती.

त्या मारव्याची एक प्रत मी अंधेरीच्या मित्राला दिली. तिथून ती कुठे कुठे फिरली, देव जाणे. दोन वर्षांनी एका नामवंत गायिकेची कॅसेट बाजारात आली. तिच्यात तीच बंदिश, आणि कार्डावर छापलेलं, ‘पारंपरिक’. कॅसेट घेऊन तडक दत्ताकडे गेलो.

“पत्र लिही कंपनीला. चीज तुझी आहे यार!”

“गप रे मेल्या. अंतऱ्यात मी अडकलो होतो ना, तिथून बाई कशी सुटली ते ऐक.”

तीनदा ऐकली त्याने. प्रत मीच दिली, तीही त्याचं नाव न लिहिता, हे तेव्हाच सांगणार होतो... नाही सांगितलं. पुढे तो आजारी पडला, मग हिंमतच झाली नाही. भित्रा आहे मी, दुसरं काय!

परवा त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना भेटायला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या रागावतील म्हणून मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी उठून कपाट उघडलं. दोन खण भरून कॅसेटी, सगळ्यांवर माझं अक्षर. त्यांनी माझ्या हातात पेन दिलं.

“मग आता तरी लिहा, भावोजी. यातल्या ह्यांच्या कुठल्या?”

मी पहिली कॅसेट लावली. टेपवर दत्ता गायला, थांबला. आम्ही सगळे ‘वा’ म्हणालो, माझाच आवाज सगळ्यांत मोठा. बंदिश कोणाची, हे मात्र त्याला कोणीच विचारलं नाही...