लिटल हेरनवरची पंगत

वेंगुर्ल्यात जन्मलेल्या बाईने म्हातारपण मासे पकडून परत पाण्यात सोडण्यात घालवावं, याला काय म्हणायचं? कांचन पोंक्षे यांचं नेमकं तेच झालं होतं. लग्न होऊन त्या पुण्याच्या पोंक्ष्यांकडे आल्या, पण जीभ माहेरचीच राहिली. ॲन आर्बरच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी पुरी केल्यावर नवरा-बायकोंनी उत्तर मिशिगनमध्ये लिटल हेरन नावाच्या छोट्या नदीकाठी घर घेतलं. एजंट म्हणाला होता, नदी ट्राउट माशांनी भरलेली आहे. काकूंनी मनातल्या मनात माशाच्या आमटीसाठी तिरफळंसुद्धा ठेचून ठेवली. या पट्ट्यात मासा पकडायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा असा नियम आहे, हे सह्या झाल्यावर कळलं.

"म्हणजे त्या जिवाला नुसता त्रास द्यायचा?" काकू म्हणाल्या.

"स्पोर्ट आहे तो, अगं," रवींद्रकाका म्हणाले. ते जन्माचे शाकाहारी, त्यांचं काय जात होतं!

पण एकदा कमरेइतक्या गार पाण्यात उभ्या राहिल्या आणि काकू त्या नदीच्या प्रेमातच पडल्या. तोंडाला पाणी सुटायचं ते सुटतच राहिलं, पण प्रेमही खरं होतं. पाच-सहा वर्षांत त्या मासेमारी क्लबच्या शिक्षिका झाल्या. आलेल्या पाहुण्यांना त्या मासा सोडायला शिकवत. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मासा पाण्याबाहेर काढू नका. आणि कल्ल्यांना बोट लावायचं नाही म्हणजे नाही! हे शेवटचं त्या अशा आवाजात सांगत की धिप्पाड अमेरिकन पुरुषही हात मागे घेत.

काकूंना खरी धास्ती होती ती उन्हाळ्याची. जुलैच्या दुपारी नदी कोमट होते. अशा पाण्यात दमलेला मासा कितीही हळुवार सोडला तरी थोड्या वेळाने पांढरं पोट वर करून तरंगतो. काकूंनी अशी पोटं पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी त्यांचा जीव कळवळला होता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी मासेमारी बंद ठेवा. विरोधात होता डेल. पुलाजवळच्या केबिन्स, भाड्याच्या कनू होड्या आणि गळांचं दुकान सगळं त्याचंच. तसा तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे पर्यटक आले नाहीत तर गावातली निम्मी पोरं उन्हाळाभर घरी बसली असती. टाउनशिपच्या, म्हणजे गावकीच्या सभेत यावर मतदान व्हायचं होतं.

सभेच्या आधीच्या शनिवारी काकूंचं प्रात्यक्षिक होतं. काठावर गर्दी जमली होती. ॲन आर्बरहून आलेली सलोनी, त्यांच्या मैत्रिणीची सून, फोनवर व्हिडिओ घेत होती. काकूंच्या गळाला ट्राउट लागला. अंगावर लाल ठिपके, हातभर लांब, काय देखणा! काकूंनी हात ओले केले, मासा पाण्यातच धरला, गळ अलगद काढला. सगळं अगदी शिकवतात तसं. आणि मग, देव जाणे कसं, त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाने माशाचा कल्ला उचलून पाहिला. वेंगुर्ल्याच्या बाजारात आईचा पदर धरून शिकलेली खोड ती. कल्ला लाल असेल तर मासा ताजा. हा तर जिवंत होता. त्याहून ताजा काय असणार?

बोट आत रुतलं आणि पाणी लाल झालं. काकूंनी घाबरून हात मागे घेतला. मासा प्रवाहाबरोबर निघाला आणि काठावर टाळ्या पडल्या.

"काकू, अमेझिंग यार! किती क्यूट पोहत गेला!" सलोनी ओरडली.

वळणावर तो उलटा झाला. पाण्यात उभ्या असलेल्या काकूंनाच ते दिसलं. मेलेला मासाही घरी न्यायचा नाही, असा नियम होता. तो तसाच वाहून गेला. त्या रात्री काकूंच्या घशाखाली वरणभातही उतरला नाही.

सभेत डेलने पडद्यावर सलोनीचाच व्हिडिओ लावला. "बघा! स्वतः डॉक्टरांनी सोडला तर मासा कसा मजेत गेला!"

काकू उठल्या. "तो मासा मेला. मीच मारला. कल्ल्याला माझं बोट लागलं."

काकूंना वाटलं, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. डेलचा मात्र चेहरा खुलला.

"म्हणजे उन्हाने नाही मेला! बोटाने मेला. मग नदी कशाला बंद करायची? बोटं आवरा!"

ठराव पडला. त्याऐवजी पुलावर कल्ल्यात बोट घालू नका अशी पाटी लावायचं एकमताने ठरलं. सल्लागार म्हणून खाली डॉ. पोंक्षे यांचं नाव.

"खरं बोलून हे मिळवलंस," काका म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बागेत निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी दोन पर्यटक काकूंच्या घरासमोर गळ टाकून उभे राहिले. काकू तरातरा काठावर गेल्या. दोघांना फैलावर घ्यायचं असं ठरवूनच गेल्या होत्या, पण घामाने निथळणारी ती माणसं पाहिली आणि तोंडातून भलतंच निघालं. "जेवलात का?"

जेवले नव्हते. काकूंनी त्यांना पडवीत बसवलं. ॲन आर्बरहून आणलेल्या सुरमईचं नारळ घातलेलं हुमण, भात, वर सोलकढी. नको म्हणाले की काकू आणखी वाढत. जेवण संपता संपता एकाच्या पापण्या जड झाल्या, दुसऱ्याची मान कलली. काकू डाव हातात धरून बघत राहिल्या. जन्मभर त्यांनी माणसं झोपवली होती. गडी कधी गुंगीत जातो हे त्यांना पुरतं कळत होतं. हे दोघे संध्याकाळपर्यंत उठणार नव्हते. तोवर नदी गार होणार होती.

त्या दिवसापासून रोज बाराच्या आधी काकू काठावर जाऊन सगळ्यांना जेवायला हाक मारू लागल्या. दुपारी पडवीत आठ-आठ जण घोरत आणि नदी रिकामी राही. गिऱ्हाइकं दुपारी कुठे गायब होतात, हे बघायला डेल आला. त्याला काकूंनी तीनदा भात वाढला. तो सहाला उठला.

उठल्यावर मात्र डेलचं डोकं चाललं. त्याने वेबसाइटवर टाकलं: 'लिटल हेरन. सकाळी ट्राउट, दुपारी डॉक्टरांकडे जेवण.' पुढच्या उन्हाळ्याच्या केबिन्स ऑक्टोबरातच भरल्या.

"नदी वाचली," पुढच्या जुलैत एका दुपारी काका म्हणाले. "आता तुझ्या जिभेचं काय?"

पडवीतला शेवटचा पाहुणा झोपल्याची खात्री करून काकू खाली काठावर गेल्या. देवदाराच्या सावलीत एक मोठा ट्राउट संथपणे शेपटी हलवत उभा होता. हात पुढे केला असता तर पोहोचला असता, इतका जवळ. काकू कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.