प्रवासाचा हेतू

श्रीपतीने पोफळीच्या वीजगृहात एकतीस वर्षं नोकरी केली. नियंत्रण कक्षात बसायचं, दर तासाला मीटरचे आकडे वहीत उतरवायचे आणि पाळी संपली की पुढच्या माणसाला सगळं समजावून सांगायचं. माणूस मितभाषी. निवृत्तीनंतर रत्नागिरीत नाचण्याला घर बांधलं, पाठीमागे आंब्याची चार कलमं लावली. मुलगी वैदेही लग्न होऊन जवळच शिरगावला दिलेली, तिथल्याच शाळेत शिक्षिका. धाकटा यज्ञेश मालवाहू जहाजावर इंजिनिअर. एवढ्यावर संसार पुरता मांडून झाला, असं त्याला वाटत होतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून फोन आला. यज्ञेश पहाटेच्या पाळीला हजर झाला नाही. जहाज सगळं धुंडाळलं, मागे फिरून समुद्रही पाहिला. जहाज पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून नव्वद सागरी मैलांवर होतं. "बेपत्ता" असा शब्द त्या माणसाने वापरला आणि पुढेही सगळ्या कागदांवर तोच राहिला.

लीलाने, यज्ञेशच्या आईने, तो शब्द घट्ट धरून ठेवला. "बेपत्ता म्हणजे पत्ता लागायचाय," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "कुठल्यातरी होडीवाल्याने उचलला असेल. डोक्याला मार लागला असेल, नाव आठवत नसेल." पूर्णगडला तिचं माहेर. समुद्रात गेलेली आणि चार दिवसांनी परत आलेली माणसं तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. तिला कोण काय बोलणार?

यज्ञेशचा जुना लॅपटॉप श्रीपतीने पुढच्या खोलीत टेबलावर मांडला आणि रोज सकाळी चहा झाला की त्यासमोर बसू लागला. इंग्रजी त्याला कामापुरतं येत होतं, पोर्तुगीज अजिबात नाही. पण वैदेहीने भाषांतराचं ॲप कसं वापरायचं ते शिकवलं, आणि पोफळीची सवय कामाला आली. त्या किनाऱ्यावरच्या गावांची यादी काढायची, एकेका गावाचं स्थानिक वर्तमानपत्र उघडायचं, फेब्रुवारीपासूनचे अंक एकामागून एक चाळायचे. महिने गेले. कोळ्यांचा संप, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाच्या शेताला लागलेली आग, सगळं त्याने मोडक्यातोडक्या मराठीत वाचलं.

नोव्हेंबरात ती बातमी सापडली. सहा ओळींची. एप्रिलच्या सुरुवातीला एका छोट्या बंदराजवळ वाळूत पुरुषाचा देह मिळाला. वय वीस ते पस्तीस. ओळख पटली नाही. मनगटाला काळा दोरा, त्यात तांब्याची छोटी पेटी.

यज्ञेश पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा लीलाने गावच्या गुरवाकडून ताईत करून आणला होता. तांब्याचा. काळ्या दोऱ्यात.

श्रीपतीने लॅपटॉप मिटला आणि मागच्या दारी जाऊन कलमांना पाणी घातलं. सकाळीच घातलं होतं, पुन्हा घातलं. लीला चुलीपाशी होती. तिने विचारलं, "सापडलं का हो काही?"

"बघतोय," तो म्हणाला.

त्याने फक्त वैदेहीला सांगितलं. दोघांनी मिळून त्या गावच्या पोलिसांना पत्रं धाडली, दूतावासाला धाडली. उत्तरं यायची ती सभ्य असायची आणि दुसरीकडे बोट दाखवायची. इथल्या पोलिसांकडून या, तिथल्या न्यायालयाकडून या, कंपनीकडून या. कंपनी म्हणे आमचं जहाज त्या किनाऱ्यापासून फार लांब होतं. शेवटी श्रीपती म्हणाला, "मीच जातो."

"बाबा, तुम्ही गोव्याच्या पलीकडे गेलेला नाहीत."

"जायचं कसं ते सगळं यात आहे," त्याने लॅपटॉपकडे बोट केलं.

आणि खरंच होतं. विमानतळावरून कुठल्या नंबरची बस, तिकीट चालकाकडे घ्यायचं की यंत्रात, स्टेशनच्या कुठल्या दाराने बाहेर पडायचं, हे लोकांनी लिहून ठेवलं होतं. परदेशी फिरायला जाणाऱ्या हौशी माणसांनी लिहिलेलं ते सगळं. इथलं बदकाचं मांस खाऊन बघा, इथून सूर्यास्त छान दिसतो. श्रीपतीने त्यातून बसचे नंबर तेवढे उचलले. नकाशावर रस्त्यांचे फोटो दिसतात हे कळल्यावर तर तो रोज त्या गावात जाऊ लागला. बसथांबा, डावीकडे पावाचं दुकान, मग चढ, पोलिसांची चौकी, तिथून खाली उतरलं की पांढरी भिंत आणि निळं लोखंडी फाटक. दफनभूमी. फाटकाच्या आत मात्र फोटो जात नव्हते.

व्हिसाच्या अर्जात रकाना होता, प्रवासाचा हेतू. पर्याय दिलेले होते. पर्यटन. व्यवसाय. नातेवाईक वा मित्रांची भेट. इतर. श्रीपती त्या तिसऱ्या ओळीवर बराच वेळ थांबला. पण तो निवडला तर भेटणाऱ्याचं आमंत्रणपत्र जोडावं लागत होतं. त्याने पर्यटन निवडलं. मग पर्यटकासारखा कार्यक्रम लिहिणं आलं. तीन चर्च, एक किल्ला, एक मत्स्यालय, नदीतली सफर. दिवसवार तक्ता केला, हॉटेलं नोंदवली. तक्ता इतका चोख झाला की वैदेहीला तो वाचवेना.

अर्ज नाकारला गेला. परत जाण्याचा इरादा पटत नाही, असं कारण आलं.

"बाबा, खरं लिहूया," वैदेही म्हणाली.

दुसऱ्या वेळी त्याने "इतर" निवडलं आणि खाली चार ओळी लिहिल्या. माझा मुलगा तुमच्या समुद्रात बेपत्ता झाला. सोबत बातमी जोडली आहे. हा देह त्याचा आहे का, ते मला पाहायचं आहे. पाहून मी परत येईन. नवव्या दिवशी पासपोर्ट शिक्का होऊन घरी आला.

लीलाला त्याने एवढंच सांगितलं होतं, की जहाज ज्या बाजूने गेलं तिथे चौकशी करून येतो. ती खुशीत आली. दीड वर्षात पहिल्यांदा तिने केस नीट विंचरून अंबाडा घातला. फोनमध्ये मराठीत बोलून ती स्वतः शोधू लागली, पोर्तुगालमध्ये स्मृती गेलेल्या माणसांची हॉस्पिटलं कुठे आहेत. वैदेहीच्या मुलीकडून, उर्वीकडून, तिने त्यांची यादी कागदावर उतरवून घेतली. अकरा नावं होती.

"तू पण जा ना, आई," वैदेहीने एकदा म्हणून पाहिलं.

"आणि मागे त्याचा फोन आला तर?"

बॅगेत तिने यज्ञेशचा स्वेटर घातला. "तिकडे थंडी असते. त्याच्याकडे काही नसेल अंगावर घालायला." श्रीपतीने बॅगेची चेन ओढली.

सप्टेंबरात तो गेला. एकटाच. कुठे चुकला नाही. बसमधून उतरला तेव्हा गाव त्याला पाठ होतं, फक्त फोटो जुने होते. पावाचं दुकान बंद पडून दाराला फळ्या ठोकलेल्या होत्या. चढ मात्र फोटोत वाटला त्यापेक्षा उभा होता आणि त्याला दोनदा भिंतीला हात लावून थांबावं लागलं.

चौकीतली बाई वैदेहीच्या वयाची होती. त्याने फोन पुढे केला, ॲपने त्याचं म्हणणं तिच्या भाषेत वाचून दाखवलं. तिने मध्येच हात वर करून ते थांबवलं, उठली, आतून एक फाइल आणली. देहाचे फोटो तिने दाखवले नाहीत. त्याने मागितल्यावर मान हलवली आणि फोनमध्ये बोलली. फोन मराठीत म्हणाला, "पाण्यात सहा आठवडे. वडिलांनी बघू नये." एक फोटो तिने पुढे सरकवला, फक्त दोऱ्याचा आणि पेटीचा. तांबं हिरवं पडलं होतं. पेटीचं टोपण एका बाजूने चेपलेलं होतं. तो ताईत लीलाच्या हातातून पडून असा चेपला होता, आणि त्यावरून श्रीपती तिला बोलला होता.

"हा त्याचाच," तो मराठीतच म्हणाला.

तिने त्याच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला. प्रयोगशाळेचं उत्तर यायला सहा-सात आठवडे लागतील, तोवर कागदोपत्री काहीच ठरत नाही, असं सांगितलं. मग टोपी घालून ती त्याच्याबरोबर खाली फाटकापर्यंत आली.

आत शेवटच्या रांगेत पत्र्याच्या पट्टीवर आकडा होता, एकशे चौदा. खाली सिमेंटच्या कडेत माती. कुणीतरी काचेच्या बरणीत शेवंतीसारखी पिवळी फुलं ठेवली होती, ताजीच होती. ती बाई फोनमध्ये म्हणाली, की ज्यांची माणसं समुद्रात गेली आणि मिळाली नाहीत, त्या गावातल्या बायका इथे फुलं ठेवतात. श्रीपती खाली बसला. काय करतात अशा वेळी, ते त्याला माहीत नव्हतं. त्याने मातीवर हात ठेवला. उन्हाने ती गरम झाली होती. "यज्ञेशा," तो म्हणाला. पोलीस बाई पाठ करून उभी राहिली.

तो परत आला तेव्हा लीला ओट्यावरच उभी होती. तिने आधी रिक्षात पाहिलं, मग त्याच्याकडे. बॅग उघडून स्वेटर बाहेर काढला. घडी तशीच होती.

"भेटला नाही?"

"नाही," श्रीपती म्हणाला. ती हॉस्पिटलांची यादी घेऊन आली आणि एकेक नाव विचारत गेली. इथे गेलात? इथे? तो प्रत्येकाला हो म्हणाला.

प्रयोगशाळेचं उत्तर दिवाळी झाल्यावर आलं, नमुना जुळला होता. तेव्हा त्याने वैदेहीला बोलावून घेतलं आणि लीलाला समोर बसवून सगळं सांगितलं. बातमी, ताईत, आकडा, फुलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"म्हणजे जाताना तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मी स्वेटर भरला तेव्हा पण."

त्याने मान हलवली.

"तुम्ही त्याला आणायला नाही गेलात," लीला म्हणाली. "तुम्ही त्याला संपवायला गेलात. कागद काय, कागदावर काहीही लिहितात." ती उठून आत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलू लागली, आणि पुढे तेवढंही नाही.

तिथल्या न्यायालयाची परवानगी मिळवणं, देह बाहेर काढणं, दहन करणं, यात आणखी आठ महिने गेले. श्रीपतीने सगळं पत्रव्यवहाराने आणि लॅपटॉपवरून केलं. अस्थी विमानाने मुंबईला आल्या. त्याने आणि वैदेहीने त्या आणल्या, पण नाचण्याच्या घरी नेल्या नाहीत. लीलाने वैदेहीला उंबऱ्यातच सांगून ठेवलं होतं, "परक्या कुणाची राख माझ्या घरात नको." अस्थी शिरगावला वैदेहीकडे राहिल्या.

भाट्याच्या किनाऱ्यावर विधी झाला. भटजी, श्रीपती, वैदेही, तिचा नवरा. लीलाला बोलावलं होतं. ती आली नाही. ओहोटी होती, पाण्यापर्यंत बरंच चालावं लागलं.

दुपारी तो आणि वैदेही घरी आले. फाटकातच वास आला. लीलाने बांगड्याचं तिखलं केलं होतं. यज्ञेश गेल्यापासून श्रीपतीने मासा तोंडाला लावला नव्हता. त्याला समुद्रातलं काही खाववत नसे. लीलाने ताट वाढलं, भात, आमटीसारखं लाल तिखलं, दोन बांगडे, आणि पाटासमोर ठेवलं.

"आई," वैदेहीचा आवाज चिरकला, "आज?"

"आज काय आहे?" लीलाने विचारलं. ती श्रीपतीकडेच बघत होती.

श्रीपती उभा राहिला होता. ओले पाय तसेच होते, पोटऱ्यांना वाळू चिकटलेली होती. मग त्याने हात धुतला, पाटावर बसला. भात कालवला. बांगड्याचा काटा सोडवून बाजूला ठेवला आणि घास उचलला. वैदेही बाहेर ओट्यावर निघून गेली. लीला समोर बसून होती. त्याचं संपेपर्यंत ती हलली नाही, आणि संपल्यावर तिने विचारलं, "भात घालू?"

कित्येक महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. त्याने ताट पुढे केलं.